पुलावरचे दोघे

"काका, गेमचा पहिला भाग काढल्याशिवाय दुसरा बसणार नाही," सलील म्हणाला. "मशीनमध्ये जागाच नाहीये."

श्रीकांत देवस्थळी टीव्हीसमोर वेताच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

"काढला तर पुन्हा घालता येईल ना?"

"येईल. पण उन्मेष जिथे थांबलाय..." सलील अडखळला. "थांबला होता, ते बहुतेक जाईल."

उन्मेषला जाऊन आठ महिने झाले होते. न्यू टाउनच्या ऑफिसात तो आणि सलील शेजारी बसत. इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात तो वडिलांना म्हणाला होता, "दुसरा भाग आला की बघून ठेवा, बाबा. पहिल्याइतका जमलाय का, मला सांगा." श्रीकांत हो म्हणाले होते. परवा तो भाग आला. आज रविवार, म्हणून सलील दुपारचं जेवण होताच खिदिरपूरला त्यांच्या घरी आला होता.

"आधी माझ्या लॅपटॉपवर बघा," तो म्हणाला. "आवडला तर तुमच्याकडे टाकू."

लॅपटॉपवर एक शहर पेटलं. पहिल्या भागातला तोच सैनिक, थोडा थोराड झालेला, पावसातून पळत होता. श्रीकांतनी वहीत लिहिलं : चेहरे खरे वाटतात. मग ‘खरे’ खोडून ‘खऱ्यासारखे’ केलं. पावसात बाही आधी खांद्याशी भिजते, मग कोपरापर्यंत, हेही लिहिलं.

"चाळीस वर्षं कस्टममध्ये काढली," स्वयंपाकघरातून मीनाताई म्हणाल्या. "कुणाच्या पेटीत खेळण्यातलं पिस्तूल निघालं तरी यांना घाम फुटायचा. आणि आता बघ."

सलील हसला. पडद्यावर एका गोदामाच्या दाराशी दोन पहारेकरी बोलत उभे होते. एक जण घरून आलेल्या पत्राचं काही सांगू लागला. सलीलने बटण दाबलं. दोघेही पडले.

"तो काय सांगत होता?" श्रीकांतनी विचारलं.

"कोण?"

"पत्रवाला."

"काका, ते असंच काहीतरी बोलत असतात. आपण थांबलो तर दिसतो त्यांना, मग संपलंच. यात थांबताच येत नाही."

श्रीकांतनी पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. "मला यातलं फारसं कळत नाही," ते म्हणाले. "पण पहिल्यात थांबता यायचं."

त्यांनी उठून टीव्ही लावला. उन्मेषच्या मशीनचा निळा दिवा लागला. बर्फ, लाकडी पूल, पुलावर दोन पहारेकरी. उलट्या पडलेल्या गाडीच्या आड सैनिक दबा धरून बसलेला. खाली मोठी मोठी इंग्रजी अक्षरं उमटली. वडिलांना नीट ऐकू येत नाही म्हणून उन्मेषने ती लावून दिली होती. एका पहारेकऱ्याची दाढ दुखत होती. दुसरा त्याला म्हणत होता, आजची रात्र कशीतरी काढ, उद्या छावणीत डॉक्टर येणार आहे.

सलील पडद्याकडे बघत राहिला. "हा पूल? हा तर पहिल्या तासातला आहे, काका. तो वर्षभर इथेच होता?"

"माझ्यामुळे," श्रीकांत म्हणाले. "तो बंदूक रोखून बसायचा आणि मला विचारायचा, झालं का त्यांचं, बाबा? मारू? मी म्हणायचो, थांब, एकदा परत ऐकू. असे सगळे रविवार गेले." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "वाटलं होतं, शेवट काय, कधीही बघता येईल. मी त्याला पुढे जाऊच दिलं नाही."

सलीलने लॅपटॉप मिटला. "ऑफिसात कुणी शेवट सांगायला लागलं की तो कानात बोटं घालायचा," तो म्हणाला. "म्हणायचा, आमच्या घरी अजून पुलावरच चाललंय. आम्ही सगळे हसायचो त्याला."

"आणि तो?"

"तोही हसायचा."

मग सलीलने वहीकडे बोट दाखवलं. "पहिल्याखाली तुम्ही काहीच लिहिलं नाहीत."

पानाच्या मधोमध उभी रेघ होती. ‘दुसरा’खाली पान भरत आलं होतं. ‘पहिला’खाली कोरं होतं.

"पहिल्याचं त्याला माहीत आहे," श्रीकांत म्हणाले. त्यांनी दुसऱ्याखाली शेवटची ओळ लिहिली : पुष्कळ बाबतींत सरस. थांबता येत नाही. ती पुन्हा वाचली. या वेळी काही खोडलं नाही.

"मग टाकायचा का, काका?"

"नको. पहिला राहू दे."

सलीलने लॅपटॉप पिशवीत घातला आणि हात धुवायला आत गेला. त्याने आणलेली संदेश मिठाई बशीत काढून मीनाताई बाहेर आल्या. पुलावर बर्फ पडत होता. उद्या डॉक्टर येणार आहे, अशी अक्षरं उमटली आणि पुसली गेली. पहारेकरी गप्प झाले.

मीनाताईंनी बशी स्टुलावर ठेवली. टीव्हीकडे त्या सहसा बघत नसत.

"झालं का त्यांचं?" त्यांनी विचारलं.

श्रीकांतनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून दुसरी खुर्ची जवळ ओढली.

"नाही अजून," ते म्हणाले. "बैस."

पडद्यावरच्या पहारेकऱ्याने पुन्हा गालाला हात लावला.