चढलेला रंग

तांब्याची जुनी नाणी जमवणारे धोंडीबा रानात खुरपतानाच गेले. शेवटच्या आंघोळीचं पाणी तापलं. भाऊ कोंडिबा त्यांचे मातीनं काळे झालेले हात धुवायला वाकला, तशी धोंडीबांची बायको मालनबाई आडवी आली.

“हात ऱ्हाऊ द्या तसंच.”

“वैनी, रीत हाय ती.”

“घासून चकचकीत केलेला पैसा ह्यांनी कधी फुकट बी घेतला न्हाय. काळपट, चॉकलेटीच लागायचा. म्हणायचे, ह्यो रंग चढाया जलम जातो.”

कोंडिबानं मयतीला आलेल्या सोलापूरच्या नाणेवाल्या मित्राकडं पाहिलं. मित्रानं चष्मा लावला, वाकून दोन्ही हात उलटेपालटे करून निरखले.

“अस्सल आहे,” तो म्हणाला. “पाणी लावू नका.”

तेव्हा कुठं मालनबाईला रडू फुटलं.