पोत्याखालचा जोड

मारुतरावानं टिंबालीचा जोड स्वतःहून पुढं सरकवला आणि तात्याबाच्या मनात पाल चुकचुकली. दुकानदार आपणहून पुढं करतो तो माल कधी धड असतो का? चाळीस वर्षं मेंढरांची खरेदी-विक्री केलेला गडी तो. यवतच्या बाजारात विकणारा ज्या मेंढीच्या पाठीवर थाप मारतो, तिचेच दात झिजलेले असतात, हे त्याला पाठ होतं.

दौंड स्टेशनाबाहेर, एसटीडी बूथला लागून मारुतरावाचं वाद्यांचं दुकान. तात्याबाचा मुलगा शंभू त्या जोडापुढं कधीच उकिडवा बसला होता. उद्या न्हावऱ्यात वरात होती आणि शंभूच्या बँजो पार्टीची ती पहिलीच सुपारी. नवरदेवाकडच्यांनी बजावलं होतं, टिंबाली असली तरच या, नाहीतर आम्हाला दुसरे हायेत.

एका स्टँडवर पत्र्याचे दोन बुटके ढोल, एक थोरली टिंबाली, एक धाकटी. वरून ताणून बसवलेलं पान, खालून मोकळे. शंभूनं प्रत्येक बोल्टाजवळ स्टिक टेकवून टकटक केलं, कान खाली नेला. जिथं आवाज बसका लागला तिथला बोल्ट पान्यानं जरासा आवळला, मग त्याच्या बरोबर समोरचा. सगळीकडं एकच सूर आल्यावर त्यानं धाकटीवर एक ठोका दिला. टण्ण! रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्यानं मान वळवली.

"आबा, हीच घ्यायची. बघा की कशी बोलतीया!"

"तू गप. काय बरं दिसलं की लगेच तोंड पसरतोस," तात्याबा पुटपुटला. त्याचं लक्ष कोपऱ्यात होतं. तिथं काहीतरी पोत्याखाली झाकलं होतं आणि पोत्याबाहेर स्टँडचा एक पाय आला होता.

"त्येच्याखाली काय हाय, मालक?"

मारुतरावाचा हात थबकला. "काय न्हाई. माझा हातातला जोड हाय. जुना. त्यो इकायचा न्हाई."

"बघू तर द्या."

"बघून काय करताय आबा? न्या की हा नवाकोरा." असं म्हणत त्यानं आतल्या पडद्याकडं दोनदा पाहिलं. झालं! तात्याबानं पुढं होऊन पोतं ओढलंच. रंग उडालेला, कडेला पोचे आलेला जोड. पण वापरातला होता, हाताखालचा. भिकार असता तर कोण कशाला लपवील?

शंभूला ते पटेना. "आबा, उपडी ठिवून बघतो. कड फरशीला समदीकडनं टेकली पायजे, न्हाईतर पान सारखं ताणत न्हाई."

तात्याबानं त्याच्या पायावर पाय दाबला. "हात लावू नगंस. आपल्याला पायजे हे त्येला कळलं की खेळ खलास."

"एकदा वाजवून तरी..."

"घरी वाजव."

मारुतरावानं बराच वेळ नाही-नाही केलं. शेवटी कपाळावर हात मारून घेतला. "घ्या बाबा. तुमच्या नजरंपुढं कुणाचं काय चालायचं न्हाई, आबा." तात्याबाची छाती वीतभर फुगली. दोन मेंढ्या विकून आणलेले पैसे त्यानं गल्ल्यावर ठेवले. घेतलेला माल परत नाही, अशी पाटी गल्ल्यामागं होतीच. ती त्यानं वाचली आणि हसला. परत करतंय कोण!

एसटी स्टँडवर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, काठी दुकानाच्या दाराशी राहिली. शंभूला तिथंच बसवून तो माघारी फिरला.

काठी बाहेर भिंतीला टेकलेली होती. तात्याबानं ती उचलली आणि सवयीनं आत डोकावला. मारुतरावाची बायको पडद्याआडून आणखी एक पोचे पडलेला जोड घेऊन येत होती. मारुतरावानं तो कोपऱ्यात ठेवला, वर पोतं टाकलं. जरा मागं सरून पाहिलं. मग पुढं होऊन स्टँडचा एक पाय पोत्याबाहेर ओढला.

तात्याबा पाऊल न वाजवता वळला. रस्ता तोच होता, पण त्याला लांब वाटला. या वयात आपल्याला मेंढरू करून कापलं, याची त्याला भयंकर लाज वाटली. आणि त्याहून जास्त भीती वाटली ती उद्याच्या वरातीची. पोराचं नाव पहिल्याच दिवशी मातीत.

स्टँडवर शंभूनं धाकटी उपडी ठेवली होती. फरशीवर ती डुगडुगत होती. कडेखालून त्याचं बोट सहज आत जात होतं. लांबूनच तात्याबाला ते दिसलं. तेवढ्यात शंभूनं मान वर केली, बापाला पाहिलं आणि धाकटी चटकन सरळ केली. पाना खिशात घातला.

"लागली का रं सुरात?" तात्याबानं विचारलं.

"लागली की, आबा. झ्याक!"

एरवी तात्याबानं खोदून खोदून विचारलं असतं. घरच्या दुधात पाणी नाही ना, हे बोट बुडवून बघणारा माणूस तो. आज तो नुसता शेजारी टेकला.

शंभूनं स्टिक उचलली आणि ठोका दिला. पानावर नाही, बाजूच्या पत्र्यावर. पत्रा खणखणला.

तात्याबा चाळीस वर्षं बिरोबापुढं ढोल वाजवलेला माणूस. पान कुठलं, पत्रा कुठला, हे त्याला आंधळा झाला असता तरी कळलं असतं. त्यानं काठी गुडघ्यांत धरली आणि समोर बघत मान डोलावली.

"व्हय," तो म्हणाला. "पोत्याखालचा माल कवा बी असलच निघतो."