वीरभद्राचा लाल ठसा

पालमच्या महालिंग चिताऱ्याने काढलेला वीरभद्र त्याच्या शागिर्दाने, शिवरुद्राने, लाकडात कोरला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. गुरू-शिष्य गोदावरीवर आंघोळीला गेले, तेव्हा परतला एकटा शिवरुद्रच. गुरू बुडाला म्हणाला. गुरूची चित्रं मात्र त्याने आदल्या दिवशीच आपल्या घरी नेली होती.

महालिंगाची बायको गंगम्मा हे जाणून होती. तरी ती रोज येऊन शिवरुद्राचे रंग कालवायची.

चित्र कागदावर छापायला रंगागणिक वेगळा लाकडी ठसा होता. शेवटचा लाल, तलवार त्यातच कोरलेली. पहिल्या कागदावर उगारलेली तलवार आणि पायाशी वाकलेला दक्ष नीट उठले. दुसऱ्यावर तलवार दक्षाच्या डोक्यापाशी आली. तिसऱ्यावर मानेच्या बोटभर वर.

शिवरुद्राने ठसा पुसून पाहिला. लाकडातली तलवार होती तिथंच होती.

"अक्का, कागद सरकायलाय का?"

"न्हाई," गंगम्मा म्हणाली.

त्याने मान चोळली. "इथं कायतरी लय गार लागायलंय. बघा बरं."

तिने पाहिलं. मानेवर काहीच नव्हतं. फक्त तिथले केस एका सरळ रेषेत दबले होते, वर काहीतरी टेकवून ठेवल्यासारखे.

"काय न्हाई," ती म्हणाली.

"आज बास करू, अक्का."

पण गंगम्माने ठशाला लाल रंग लावलाही होता. तिने वर चौथा कागद अंथरला आणि दोन्ही तळहातांनी, होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबला.