काइनाची खूण

नव्या पांढऱ्या झग्यात चर्चचे पाळक दोन्ही हात पसरून उभे होते. मावशी त्यांच्या बगलेखाली टाचण्या लावत होती आणि उरलेल्या टाचण्या तिच्या ओठांत होत्या. त्यामुळे बोलायची सोय फक्त पाळकांनाच होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली.

"रविवारी उपास-प्रार्थना ठेवलीय," ते म्हणाले. "हेडबाईंच्या मुलासाठी. दयेचा अर्ज वर गेलाय. चर्चची अख्खी मंडळी बसणार आहे."

मावशीने नुसती मान हलवली. बातमी जुनी होती. हेडबाईंच्या मुलाने धंद्यातल्या भागीदाराचा जीव घेतला होता आणि कोर्टाने त्याला फाशी सुनावली होती. ज्या दिवशी हे कानावर आलं त्या दिवशी मावशी दोन घास जास्त जेवली होती. मागाहून तिला स्वतःचीच शिसारी आली. पण जेवली होती हे खरं.

"तुम्ही उठून प्रार्थना करावी असं मंडळीला वाटतं," पाळक म्हणाले. "तुमच्या शब्दाला वजन आहे, मावशी. जिच्या पोटचा गेला तीच बाई दया मागतेय म्हटल्यावर..."

पुढचं त्यांनी गिळलं. मावशीच्या मुलालाही खुनाबद्दल फासावर दिलं त्याला बरीच वर्षं लोटली होती, आणि तेव्हापासून तिच्या देखत चर्चमध्ये कुणी तो विषय काढत नसे. कपडे मात्र सगळे तिच्याकडूनच शिवून घेत. हात चांगला होता ना तिचा.

"मी प्रवचनाला काइन घेतोय," पाळक रंगात आले. "जगातला पहिला खुनी. सख्ख्या भावाला मारलं त्याने. देवाने घेतला का त्याचा जीव? उलट त्याच्यावर खूण केली, कुणी त्याला मारू नये म्हणून. आणि ती व्यभिचारात धरलेली बाई, जिला मारायला लोक हातात दगड घेऊन आले होते? प्रभूने एक दगड पडू दिला नाही. शास्त्र मुळात दयेचं आहे, मावशी."

मावशीने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. तिला कसलीच घाई नव्हती.

"काइन कितव्या अध्यायात येतो?"

"उत्पत्तीच्या पुस्तकात, चौथ्या."

"आणि जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसानेच सांडावं, ते?"

पाळकांचे हात जरा खाली आले.

"हात वर. टोचेल."

"नवव्या," पाळक म्हणाले.

"म्हणजे काइन आधी येतो. माझ्या पोराच्या वेळी प्रवचनात तुम्ही त्याला ओलांडून थेट नवव्यावर गेलात. सरकारच्या हातातली तलवार काही शोभेची नाही, तेही वाचलंत. माझ्या पोराचा तुम्हाला खून दिसला, हेडबाईंच्या पोराची खूण दिसली. 'न'चा 'ण' व्हायला काय लागतं म्हणा!"

"दोन्ही शास्त्रात आहे, मावशी. विद्वानांचंसुद्धा यावर एकमत नाही. कुणी म्हणतं तलवार देवानेच दिलीय, कुणी म्हणतं क्रुसावर सगळ्या शिक्षा फिटल्या."

"विद्वानांचं राहू द्या. दोन्ही आहे हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

पाळकांनी खिडकीकडे पाहिलं, म्हणून मावशीनेही पाहिलं. पाळकांबरोबर आलेल्या हेडबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. नुसत्या खाकरल्या तरी शाळा चिडीचूप व्हायची, त्या बाई रुमाल तोंडात कोंबून बसल्या होत्या. 'लोक काय म्हणतील' म्हणून याच बाईंनी गणवेशांचं काम मावशीकडून काढून घेतलं होतं. मावशीला त्या वाकलेल्या पाठीची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच रागही आला.

"होतं माहीत," पाळक हळूच म्हणाले.

"आमच्या धंद्यात याला मापात पाप म्हणतात."

तिने त्यांना वळायची खूण केली. ते मुकाट वळले. पाठीवरची शिवण ती हाताने सारखी करत राहिली.

"येते मी रविवारी," मग ती म्हणाली.

पाळकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "देव तुमचं भलं करो, मावशी."

"त्यांचा मुलगा मरावा असं मला वाटत नाही. आधी वाटलं होतं, आता नाही वाटत. उठून सगळ्यांसमोर मागेन, देवा, त्याला जगू दे. पण त्याआधी तुम्ही तो नववा अध्याय वाचायचा. तेव्हा वाचलात तसाच, त्याच खणखणीत आवाजात. आणि मंडळीने तेव्हासारखंच आमेन म्हणायचं. मग मी उठते."

"अहो, काहीतरीच काय!" पाळक गर्रकन वळले. टाचणी टोचली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "मुलगा अजून जिवंत आहे त्यांचा. आई समोर बसलेली असेल. त्या माउलीच्या तोंडावर मी असलं वाचू? माणुसकी आहे की नाही काही?"

मावशी खाली वाकून झग्याची कडा दुमडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझाही तेव्हा जिवंतच होता," ती म्हणाली. "मी तिसऱ्या बाकावर होते."