नकाशातला पांढरा पट्टा

नवव्यांदा चालवूनही संगणकावरच्या मॉडेलने काल्हेरची खाडी पांढरीच दाखवली.

मृणाली पडद्याकडे नुसती बघत बसली. जिताडा मासा वर्षाच्या कुठल्या महिन्यात किनाऱ्यालगत कुठे असतो, हे उपग्रहाच्या चित्रांवरून सांगायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. वसईच्या मुखाशी तिचा नकाशा हिरवागार होता. काल्हेरसमोर मात्र, जिथे तिचे वडील, अण्णा, जाळं टाकत, तिथे बाराही महिने मासा शून्य.

अण्णांची वही शेजारीच पडली होती. तीन वर्षं ते तिच्यासाठी लिहीत आले होते: तारीख, वेळ, जागा, किती जिताडे, केवढे.

सुचेता मॅडम, तिच्या मार्गदर्शक, फोनवर होत्या. "वडिलांचे आकडे वगळ, मृणाली. बाकी सगळं जुळतंय. सोमवारी प्रबंध गेला नाही तर मुदत संपली. पुन्हा मिळणार नाही."

"वगळले तर खाडी मेली असं मीच लिहून दिल्यासारखं होईल, मॅडम. गोदामांसाठी भराव टाकायला लोक टपलेत."

"मग उपग्रह चुकतोय हे सिद्ध कर."

दुपारी अण्णा आले. पिशवीतून दोन किलोचा जिताडा काढून त्यांनी मोरीत ठेवला.

"अण्णा, उद्या मला होडीतून न्या ना."

"पाण्याला लय वढ हाय आता. तुला न्हाय जमायचं." ते हात धूत राहिले. "आडलंय काय तुझं?"

"मॉडेल म्हणतं, इथे मासाच नाही."

अण्णांचे हात नळाखाली थांबले. "मंग माझं आकडं काढून टाक, बाय. माझ्यापायी तुझं शिक्षण बुडाय नको."

"तुम्हाला खोटं ठरवून मी डॉक्टर होऊ? नाही जमणार."

जेवताना अण्णांनी मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी तिला चूक सापडल्यासारखी वाटली. तिच्या चित्रांतला एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरचा मोठा चौकोन. अरुंद खाडीत काठाचा चिखल पाण्यात धरला जात असणार, म्हणून मासा शून्य. तिने मॅडमना फोन लावला, विनवलं, शेवटी रडली. मॅडमनी खटपट करून संस्थेतून उपग्रहाचीच, पण खूप जवळून घेतल्यासारखी, स्पष्ट चित्रं मिळवून दिली. वहीप्रमाणे ज्या वेळी अण्णा खाडीच्या मध्यावर जाळं टाकत होते, नेमक्या त्या तारखांची, त्या वेळांची. तीन वर्षांतली एकूण सोळा.

चित्रं संगणकावर उतरत होती. अण्णा दारात चपला घालत होते.

"सापडंल काय काही?"

"सापडणारच, अण्णा. तुम्ही खरे आहात हे आता सगळ्यांना दाखवते."

"ऱ्हाऊ दे ना, बाय," ते म्हणाले. उंबऱ्यावर जरा वेळ थांबले आणि निघून गेले.

तिने पहिलं चित्र मोठं केलं. पाणी वेगळं, चिखल वेगळा, अगदी स्वच्छ. मग दुसरं. तिसरं. चौथ्यानंतर तिने पाण्याकडे बघणं सोडलं आणि पुढची सगळी भराभर उघडली.

सोळाही चित्रांत अण्णांची होडी काठावर पालथी पडली होती, आणि दर चित्रागणिक तिच्यावरचा वेल वाढत गेला होता.