उलट्या घोड्याचं ड्रेसिंग

“आता सांगते ते कुणाला खरं वाटायचं नाही,” मावशी म्हणाली आणि दोन्ही चमचे चाटूनपुसून तिने टेबलावर उताणे ठेवले.

टेबलावर काचेच्या दोन वाट्या होत्या. एकीत मावशीने बरणीत नुकतंच खळखळून घुसळलेलं सॅलडचं ड्रेसिंग, दुसरीत कंपनीने नमुना म्हणून पाठवलेल्या बाटलीतलं. रंग दोन्हींचा डाळिंबी. कुठल्या वाटीत काय, हे फक्त पट्टीसाहेबाला ठाऊक. कारखान्याच्या कँटीनचा हा नवा मॅनेजर खिशात पेनाशेजारी पट्टी ठेवायचा आणि पावाच्या कापाची जाडी मोजायचा, म्हणून हे नाव. बाटल्या मागवायचा अर्ज त्याच्यापुढे सहीची वाट पाहत पडला होता. अट त्यानेच सगळ्यांसमोर घातली होती. मावशीने जिभेवर आपलं ड्रेसिंग ओळखलं तर अर्ज फाडायचा. नाही ओळखलं तर उद्यापासून बाटल्या येणार, आणि एकवीस वर्षं या ओट्यावर राज्य केलेली मावशी भाज्या निवडायच्या टेबलावर जाणार.

“माझ्या जिभेची परीक्षा?” ती सकाळी म्हणाली होती. “घ्या की. पण हरलात तर रडू नका, साहेब. सॅलडला पाणी सुटतं.”

सकाळपासून तिचा तोरा असाच होता. पानगळीच्या दिवसांतली फळं खोक्यांतून आली होती. तिने नासपतीच्या पातळ फोडी केल्या, सफरचंदं सालासकट चिरली, डाळिंबं पळीच्या पाठीने ठोकून रिकामी केली, अक्रोड कोरडेच भाजून हिरव्या पानांवर पसरले. मग तेल, व्हिनेगर, मध, डाळिंबाचा रस आणि मिरपूड बरणीत ओतून तिने झाकण आवळलं आणि बरणी अशी हलवली की शेजारच्या कपबशा नाचल्या. रोज या बरणीतला पहिला चमचा भांडी घासणाऱ्या आक्काला मिळायचा. करणारीने आधी आपल्या जिभेला लावू नये, अशी रीतच मावशीने पाडली होती. गेल्या हिवाळ्यात तिला महिनाभर ताप आला, त्यातून उठल्यापासून ही रीत. आज मात्र पट्टीसाहेबाने आक्काला नळापाशीच थांबवलं होतं. खाणाखुणा नकोत.

“ओळखलंत का?” त्याने विचारलं.

ओळखलं तर केव्हाच, मावशी म्हणाली. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, खानदानही सांगावं लागतं. आणि तिने गोष्टीला हात घातला.

वीस वर्षांची असताना ती एका फळबागेत कामाला होती. एकदा हेच ड्रेसिंग बरणीत भरून तिने घोडागाडीच्या मागच्या फळीला बांधलं, म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांनी ते फुकटात घुसळून निघेल. वास घोड्याच्या नाकात गेला. वास मागे आणि तोंड पुढे. घोड्याने क्षणभर विचार केला आणि तो उलटा चालू लागला. बाजार तीन कोसांवर होता. घोडा गाडी ओढतोय की ढकलतोय, हे नाक्यावरच्या शिपायाला ठरवता येईना, म्हणून त्याने दोघांनाही सलाम ठोकला. टोपलीतल्या कच्च्या नासपती हा प्रकार बघून वाटेतच पिकल्या. लाजेने.

बटाटे सोलणारे सोलायचे थांबले. नळापाशी आक्का पदराआड खुसखुसत होती. पट्टीसाहेबाने घड्याळ पाहिलं. एकचा भोंगा व्हायला फार वेळ नव्हता. बाजार आला का एकदाचा, असं त्याने विचारलं.

मावशीने वाट्यांवरून नजर फिरवली. बाजार त्या दिवशी नेमका बंद होता, ती म्हणाली. घोड्याला पुढच्या गावच्या बाजाराला जावं लागलं. आणखी सहा कोस. उलटेच.

त्या सहा कोसांत एक नदी आली, एक लग्नाची वरात आली, आणि वरातीतला नवरदेव घोड्याचं बघून उलटा फिरला, तो थेट आपल्या आईच्या घरी. दुसऱ्या बाजाराची वेस दिसली आणि मावशी बोलता बोलता थांबली. तिने डावीकडची वाटी एका बोटाने पुढे सरकवली.

“ही माझी. मीठ बघा कसं, काट्यावर तोलल्यासारखं. बाटलीवाल्यांच्या बापाला जमायचं नाही.”

वाटी तिचीच होती. कँटीनमध्ये पळ्या आणि झारे आपटले गेले. पट्टीसाहेब शब्दाचा पक्का. त्याने अर्ज उचलला, पट्टी लावली आणि सरळ रेषेत चार तुकडे केले. मंडळी हसत हसत आपापल्या कामाला गेली.

वाट्या उचलायला तो वाकला, तेव्हा त्याला दिसलं. उजवीकडची वाटी ओतली तशीच होती, एकजीव. डावीकडच्या वाटीत तेल वर येऊन कडेने पिवळं कडं धरून बसलं होतं. घरचं ड्रेसिंग जरा ठेवलं की तेल सोडतं, बाटलीतलं सोडत नाही. त्याला थोडा वेळ लागतो. साधारण नऊ कोस.

त्याने ती वाटी ढवळली, चमचाभर चाखली. मग पुन्हा चाखली. मावशी समोरच उभी होती, हात कमरेवर, हनुवटी वर. बोला की, असं तिची नजर म्हणत होती.

पट्टीसाहेबाने नळापाशी उभ्या आक्काला खुणेने बोलावलं आणि चमचा तिच्या हातात दिला.

“मावशी, घोडा नऊ कोस उलटा चालला, ते मी मानलं,” तो म्हणाला. “पण यात मीठच नाहीये.”