दोन वाटे

"घर एका वाट्यात, दुकान दुसऱ्या वाट्यात," थोरला म्हणाला, "आणि आई घराच्या वाट्यात."

गादीला टाके घालणाऱ्या म्हातारीच्या हातातला दाभण थांबला.

सगळे तिच्या गाद्यांच्या दुकानातच बसले होते, विकायला ठेवलेल्या गाद्यांवर. बोलावणं तिचंच. आपल्या डोळ्यांदेखत वाटणी झालेली बरी, मागाहून भावाभावांनी डोकी फोडायला नकोत, म्हणून तिने वकीलही आणून बसवला होता. रीतही तिचीच. पोरं लहान होती तेव्हा कलिंगडावरून घरात रोज लढाई व्हायची. तिने कायदा केला: वाटे करील त्याने शेवटी उचलायचं. त्या दिवसापासून थोरल्याच्या हातची फोड तसूभरही इकडची तिकडे झाली नाही.

"आई घराच्याच वाट्यात का?" धाकट्याने विचारलं.

"घराची किंमत दुकानापेक्षा जास्त. म्हणून ज्याला घर, त्याने आईचं करायचं. पारडी बरोबर होतात."

"गुडघ्याचं ऑपरेशन धरलंत ना त्यात?" थोरल्या सुनेने हळूच विचारलं.

"धरलंय."

वकील मान खाली घालून पेनाच्या टोपणाशी खेळत राहिला. नवरा गेल्यावर कापूस पिंजून पिंजून म्हातारीने ही दोन पोरं वाढवली. नाकातोंडात कापूस जायचा, पण कुणापुढे हात पसरला नाही. आज तिची किंमत ठरली होती, आणि तीही वजाबाकीत.

थोरल्याचं तिला नवल नव्हतं. तो जन्मतःच तराजू गिळून आलेला. तिने धाकट्याकडे पाहिलं. तिचं शेंडेफळ. उचलायची पाळी आता त्याची होती. म्हणेल, दादा, आईला तराजूत काय घालतोस?

धाकट्याने जरा विचार केला.

"मला दुकान चालेल," तो म्हणाला.

म्हातारीने दोरा दातांनी तोडला.

"तुला चालेल रे, पण तुझा नंबर दुसरा. पहिलं मी उचलणार."

"आई, तू कशी उचलशील?" थोरला हसला.

"का? हात झडलेत माझे? वकीलसाहेब, हे सगळं नावावर कुणाच्या?"

"तुमच्याच, बाई. तुम्ही म्हणाल तसं."

"मग लिहा. ज्या वाट्यात आई नाही, तो वाटा माझा. असली म्हातारी गळ्यात बांधून घ्यायला मी काय खुळी आहे?"

धाकट्याचा चेहरा पडला. "म्हणजे मला..."

"घर. आणि घराबरोबर आई, तिच्या गुडघ्यासकट. वाटा दादाने केलाय तसाच लिहायचा, एक अक्षर इकडे तिकडे नाही. मी दुकान चालवीन, जेवायला तुझ्याकडे येईन. भात मऊ लागतो मला."

थोरला ताडकन उठला. त्याचा हिशेब आजवर कधी चुकला नव्हता.

"आणि मी? मला काय उरलं?"

म्हातारीने दाभणात नवा दोरा ओवला आणि गादी पुढे ओढली.

"दोनच वाटे केलेस, बाळा. मला माणसांत मोजलं असतंस, तर तीन झाले असते."